आत्याला भेटून आले

आज पुण्यात आत्याच्या वृद्धाश्रमात गेले होते, गेल्या आठवड्यात फोनवर ती मला आईच्या नावाने हाका मारत होती आणि "चल लवकर, गाडी चुकेल" असलं काहीतरी, घरात सगळ्यांनी लगेच ठरवूनच टाकलं की झालं, डिमेन्शिया. निघालं काय तर युरिन इन्फेक्शन! ताप नाही, जळजळ नाही, थेट डोक्यातच गोंधळ. सिस्टर म्हणाल्या अहो हे इथे नेहमीचं आहे, म्हातारं माणूस एक-दोन दिवसात अचानक बरळायला लागलं की आधी इन्फेक्शन, शुगर, सोडियम बघायचं, डिमेन्शिया काही एका रात्रीत येत नाही. अँटिबायोटिकनंतर आज मला बघून पहिलं वाक्य "किती वाळलीयेस गं" 😄

पाणीच पीत नाहीत हो या बायका. वयामुळे तहान कमी लागते ती लागतेच, वर सारखं बाथरूमला उठायला नको म्हणून मुद्दाम टाळतात, कारण पडायची भीती (आणि ती काही खोटी नाही, शेजारच्या कॉटवरच्या आजी खुब्याचं हाड मोडून झोपूनच आहेत). तिथल्या सांभाळणाऱ्या मावशी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलतात, पोटरीखाली उशी म्हणजे टाच अधांतरी राहते, माकडहाडापाशी लाल झालंय का तेही बघतात, बेडसोअर (झोपून झोपून होणारी जखम) तिथूनच सुरू होतो म्हणे. आजी प्रत्येक वेळी शिव्या घालतात आणि मावशी हसत "घाला, अजून घाला". एवढ्या कामाला पगार किती मिळतो ते विचारलं, नको विचारायला हवं होतं असं वाटलं.

आत्याला रोज ताक द्या सांगून आले. मीठ कमी घालून, बीपी आहे.