वेगळी चूल का मांडलीत?

पुण्याला गेलो की मामा विचारतात, इथे व्हर्जिनियात गणपतीच्या जेवणाच्या रांगेतही कोणीतरी विचारतंच: "युनायटेड एअरलाइन्सचं बरं चाललेलं काम सोडून वेगळी चूल मांडायची अवदसा तुमच्या कंपनीला का आठवली?" जणू मीच खुर्चीत बसून ठरवलं होतं. मी हिशेब खात्यातला साधा माणूस. पण तुम्ही विचारलंत म्हणून.

पहिलं म्हणजे, "बरं चाललेलं" नव्हतं. आम्ही, अटलांटिक कोस्ट एअरलाइन्स, युनायटेडच्या रंगातली छोटी विमानं उडवायचो. तिकिटं ते विकायचे, इंधनाचा खर्च त्यांचा, आम्हाला दर उड्डाणामागे ठरलेली रक्कम. डिसेंबर २००२ मध्ये युनायटेड दिवाळखोरीत गेली आणि दर कमी करा म्हणू लागली. करार आज ना उद्या मोडणारच होता. जुलै २००३ मध्ये आमच्या कंपनीने वेगळं व्हायचं जाहीर केलं आणि १६ जून २००४ ला वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावरून ती 'इंडिपेन्डन्स एअर' या नव्या नावाने उडाली. वाकून भाकरी खायची की उभं राहून उपास काढायचा, एवढाच प्रश्न होता. असं मी तेव्हा म्हणायचो. वाकणाऱ्या कंपन्या पुढे जेवत राहिल्या, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते.

त्या उन्हाळ्यात माझ्या मेहुण्याने आमच्या कंपनीचे शेअर घेतले. माझ्या सांगण्यावरून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्याला गणित मांडून दाखवलं होतं: विमानं आपली, माणसं आपली, मधला दलाल गेला की तिकीट स्वस्त आणि नफा आपला. नाताळात तो नेवार्कहून आमच्याच विमानाने आला. मी न्यायला गेलो तर हा खुशीत. "दाजी, मजा आली! विमानात आम्ही चौदाच जण. पाय पसरून आलो."

पन्नास खुर्च्या, माणसं चौदा, तिकीट कवडीमोल. मी गाडी चालवता चालवता भागाकार करत होतो. आणि तेव्हा कळलं, की ज्याला मी दलाल म्हणत होतो तो रिकाम्या खुर्चीचे पैसे भरणारा होता. विमान भरो न भरो, आमची रक्कम ठरलेली होती, ती त्याच्यामुळे. आता तोच, म्हणजे युनायटेड, डलेसला दुसऱ्या छोट्या कंपन्या आणून आमच्याच भावात तिकिटं विकत होता.

जेवताना मेहुण्याने विचारलं, "शेअर पडलाय. आणखी घेऊ का?"

मी म्हटलं, "घे."

का म्हटलं? बायको समोर बसली होती म्हणून? सहा महिन्यांपूर्वीचा मी खोटा ठरू नये म्हणून? एका सणाच्या गर्दीत एक विमान रिकामं गेलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, अशी समजूत मी घातली होती. ती अगदीच चूक नव्हती. पण पुरेशीही नव्हती.

पुढचं माहीतच आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ आलं तेव्हा तेल पिंपाला सत्तर डॉलरवर गेलं, आणि आता इंधन आमच्या खिशातून. नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरी, ५ जानेवारी २००६ ला शेवटची उड्डाणं. शेअर रद्दीच्या भावाचे. तेल स्वस्त राहिलं असतं तर? मोठी एअरबस विमानं आधीच आली असती तर? हे मी अजून बायकोशी भांडतो. आमच्यासारख्याच एक्सप्रेसजेट कंपनीने, कॉन्टिनेन्टल या मोठ्या विमान कंपनीने परत केलेली पन्नास खुर्च्यांची विमानं घेऊन, २००७ मध्ये हाच खेळ मांडला आणि दीड वर्षात गुंडाळला, तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघत होती.

मेहुण्याने मात्र आजवर एकदाही विचारलेलं नाही. विमानतळावर न्यायला आलो की अजूनही बॅग माझ्या हातात देत नाही, "राहू द्या दाजी" म्हणतो.