एकशे नव्वद पाउंड, तेही मोठ्याने

आधीच कबूल करतो, माझं वजन मी बायकोलासुद्धा दोन किलो कमी सांगतो. आणि त्या शनिवारी सकाळी साडेसहाला, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर एअरपोर्टच्या गारठलेल्या हँगरमध्ये, जॅकेट-बुटांसकट मला काट्यावर उभं केलं आणि दादाने आकडा मोठ्याने वाचला, "एकशे नव्वद!" वहिनी वहीत लिहून घेत होती. हसली नाही, हे तिचे उपकार. माझ्यानंतर काट्यावर स्की चढल्या, मग स्कीचे बूट, मग डिंकाच्या लाडवांचा डबा.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. सात वर्षं गॅरेजमध्ये खपून त्याने आरव्ही-७ नावाचं छोटं विमान बांधलं. व्हॅन्स कंपनीचं किट, ओरेगनमधून खोक्यांत येतं, मग रिव्हेट मारत बसा. शेजारीशेजारी दोन सीट्स, आणि मागे सामानाला जागा जास्तीत जास्त १०० पाउंडांची. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौसेने स्वतः केलेलं असेल तर असं विमान उडवायला परवानगी मिळते, पण पॅसेंजरसमोर पाटी लावावी लागते की हे हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम हे पाळत नाही. ती पाटी बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर. आईला तो फोटो पाठवला नाही. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांची बातमी आली होती तेव्हा मावशी म्हणाली होती, "चला, आपला एकटाच वेडा नाहीये."

तर बेत असा की ट्रकीला जायचं, लेक टाहोजवळ, दोन दिवस स्कीइंग करायचं आणि परत. गाडीने साडेतीन तास, बर्फ पडला आणि हायवेवर टायरना चेन्स लावायला लावल्या तर कितीही. विमानाने पाऊण-एक तास. हे गणित ऐकून मी हो म्हटलं होतं, सामान भरायला अडीच तास लागणार हे त्यात नव्हतं.

विमानाचं एकूण वजन १८०० पाउंडांच्या वर जाता कामा नये. रिकामं विमान ११२०, टाक्या फुल केल्या तर ४२ गॅलन म्हणजे २५२ पाउंड, आम्ही दोघं ३७५, उरले ५३. त्यात दोन स्कीच्या जोड्या, दोन बूट, हेल्मेटं, कपडे? मग दादाने ठरवलं २८ गॅलनच न्यायचं. मला वाटलं संपलं. तर नाही, आता वजन कुठे ठेवलंय ते. स्की मागे, बूट मागे, आणि पेट्रोल पंखांत पुढच्या बाजूला, म्हणजे जसजसं ते जळतं तसतसा तोल मागे सरकतो, त्यामुळे उतरतानाचाही हिशोब वेगळा करायचा. लाडवांचा डबा शेवटी माझ्या मांडीवर आला. वहिनी म्हणाली, "खात खात जा, वजन पुढेच राहील."

आणि मग ते झालं ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय.

दादाने सामानाच्या मागच्या भिंतीला भोक पाडून कापडी नळी बसवलीये, स्कीची शेपटं त्यातून विमानाच्या शेपटाच्या पोकळीत जातात. त्याच पोकळीतून एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटावरची फळी, हलवणारा दांडा जातो. नळी त्याने स्वतःच्या १६५ सेंटिमीटरच्या स्कीसाठी केलेली, माझ्या १७७च्या. बसल्या की व्यवस्थित. मी खूश. तो आत बसला, ती फळी हलवणारी स्टिक मागे ओढली, ठीक. पुढे ढकलली, ठीक. अजून पुढे, अगदी शेवटापर्यंत, आणि टक्.

एवढाच आवाज. पेनचं टोपण लागतं तसा. मी तर म्हणालो पण, "अरे दादा, काही नाही, घासलं असेल." तो माणूस एक शब्द बोलला नाही. उतरला आणि सगळं सामान बाहेर काढायला लागला, सगळं, लाडवांसकट. टॉर्च घेऊन पोकळीत अर्धा घुसला. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा. माझ्या स्कीचं टोक नळी ढकलून दांड्यापर्यंत पोचत होतं. वहिनी वही मिटून बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मी १२ सेंटिमीटर लांब स्की घेतल्या होत्या कारण दुकानातला पोरगा म्हणाला, तुम्ही उंच आहात, शोभतील.

शेवटी माझ्या स्की पुढे ओढून दोन सीट्सच्या मधे आणल्या, पट्ट्यांनी आवळल्या, स्टिक पंधरा वेळा शेवटापर्यंत फिरवली, पंधराही वेळा मी कान लावून. त्यांची टोकं माझ्या डाव्या खांद्याला टेकलेली. आणि रनवे २५ वर उभे, म्हणजे दिशा २५० अंशांच्या आसपास दिसायला हवी, तर स्क्रीनवर २८०! दिशा ओळखणारा चुंबकीय सेन्सर शेपटात, आणि स्कीच्या कडा स्टीलच्या. साधं होकायंत्र आणि जीपीएस बरोबर होतं, आकाश निरभ्र, म्हणून निघालो. साडेअकरा हजार फुटांवरून सिएराच्या डोंगरांवरचा बर्फ बघितला, सुंदर होता, माझं लक्ष सगळं स्टिककडे. ट्रकीचा रनवेच जवळजवळ ५९०० फुटांवर आहे, कळसूबाईपेक्षा उंच.

स्कीइंग झालं. दोनदा पडलो.

सोमवारी निघायचं तर पश्चिमेचा वारा सुटलेला. तो डोंगर ओलांडून ट्रकीच्या बाजूला कोसळतो, आणि त्यात छोटं विमान न्यायचं नसतं. मला ऑफिस, दादाला ऑफिस. तो टक् ऐकल्यापासून मी त्याच्याशी वाद घालायचं सोडलंय. विमान बांधून ठेवलं आणि ट्रेनने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला आलो, रुंद सीट, पाय पसरून, माझं वजन कोणी विचारलं नाही. स्की विमानातच राहिल्या.

पुढच्या शनिवारी दादा एकटाच ट्रेनने जाऊन विमान घेऊन आला. संध्याकाळी फोटो पाठवला, माझ्या सीटवर माझ्या स्की, माझाच बेल्ट बांधून. खाली लिहिलेलं, "तुझ्यापेक्षा १७७ पाउंडांनी हलक्या."