आधी ठरवले, मग पाहिले

चार वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस आमच्या बागेतल्या मांगरात आंब्याच्या दोन पेट्या कमी भरल्या आणि हिशेबाची वही पुन्हा तपासण्याआधीच चोर कोण, हे मी मनाशी ठरवून टाकले. रत्नागिरीहून पावसच्या बाजूला, जांभ्याच्या सड्यावर आमची हापूसची साठेक कलमे आहेत. त्यांच्या राखणीला नेपाळहून आलेला एक तरुण, त्याची बायको आणि तीन वर्षांची मुलगी असे कुटुंब मांगराला लागून असलेल्या खोपीत राहत असे. त्याचा तो आमच्याकडचा दुसरा हंगाम होता. आम्ही सगळे त्याला ‘बहादूर’ म्हणत असू.

माझ्याकडे पुरावे होते, आणि आज सर्वांत जास्त टोचते ते हेच. आदल्या रात्री खालच्या कुंपणाकडे विजेरीचा उजेड हलताना मी पाहिला होता. खोपीच्या मागे आंब्याच्या सालींचा लहानसा ढीग होता. रात्री उशिरापर्यंत तो फोनवर अगदी दबक्या आवाजात बोलत होता, आणि सकाळी पेट्यांबद्दल विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता मान खाली घातली. चारही गोष्टी खऱ्या होत्या, एकही मी रचलेली नव्हती. त्यांच्या जोरावर मी त्याच्या बायकोसमोर त्याला पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. आत लहान मुलीचे कपडे होते, एक घोंगडी होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेली काही कागदपत्रे होती.

दुपारी बाबा बाजारातून आले आणि म्हणाले, “अरे, त्या दोन पेट्या आत्याकडे कोल्हापूरला नाही का धाडल्या? परवाच टेम्पोवाल्याकडे दिल्या मी. लिहायचं राहिलं.”

विजेरी रानडुकरांसाठी होती. गळलेले आंबे खा, असे बाबांनीच त्याला सांगितले होते. दबका आवाज शेजारी झोपलेल्या मुलीसाठी होता. मान खाली घातली ती मालकाच्या मुलाचा चढलेला आवाज ऐकून. तशी कोणीही घातली असती. त्याच रात्री शेजारच्या वाडीतला एक मुलगा हातात पिशवी घेऊन आमच्या गडग्याला लागून गेलेला मी पाहिला होता. ‘लग्नाहून परतला असेल’ एवढेच तेव्हा मनात आले. आमच्या गावातल्या मुलाची पिशवी लग्नाची आणि परक्याची विजेरी चोरीची, हा निवाडा मी केव्हा केला, हे मला कळलेसुद्धा नाही.

अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये अशा ठरीव कल्पनांसाठी ‘स्टीरिओटाइप’ हा छापखान्यातला शब्द वापरला. खिळे जुळवून तयार झालेल्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून अखंड पत्रा करायचा आणि खिळे पुन्हा न जुळवता तेच पान हवे तितक्या वेळा छापायचे, ही ती पद्धत. माणसे आधी पाहून मग ठरवत नाहीत, बहुधा आधी ठरवतात आणि मग पाहतात, असे त्यांचे म्हणणे होते. मला मात्र त्यापुढची पायरी अधिक भयंकर वाटते, आणि ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस यांच्या प्रयोगात स्पष्ट दिसते. त्यांनी प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना एका शाळकरी मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती सुखवस्तू वस्तीतली म्हणून, तर काहींना गरीब वस्तीतली म्हणून. ज्यांनी एवढेच पाहिले, त्यांनी तिच्या कुवतीबद्दल बोलताना फारसा फरक केला नाही. केवळ वस्तीवरून मत देणे बरे नव्हे, एवढे भान त्यांना होते. उरलेल्यांना मात्र त्याच मुलीची तोंडी परीक्षाही दाखवली, जिच्यात ती काही अवघड प्रश्नांची उत्तरे देते आणि काही सोप्या प्रश्नांना अडखळते. परीक्षा सगळ्यांसाठी एकच होती. तरी ती पाहिल्यावर एका गटाला मुलगी इयत्तेच्या पुढची वाटली, दुसऱ्या गटाला मागची, आणि दोन्ही गटांना आपले मत परीक्षेवरून बनले असे वाटत होते.

पुरावा समोर आला म्हणजे पूर्वग्रह गळून पडतो, अशी माझी समजूत होती. येथे तर पुराव्यानेच त्याला बोलण्याची मुभा दिली. माझ्या विजेरीचे आणि सालींचे नेमके तेच झाले.

त्या कुटुंबाला आम्ही कामावर ठेवले तेही अशाच एका ठशावरून, हे मला फार उशिरा उमगले. ‘गुरखा म्हणजे इमानी आणि शूर’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. १८५७ नंतर इंग्रजांनी लष्करभरतीसाठी ‘लढाऊ जाती’ असे जे वर्गीकरण रुजवले, त्याचा यात मोठा वाटा आहे. शिवाय गुरखा हा शब्द गोरखा या ठिकाणावरून आलेला आहे, आणि आमच्या राखणदाराचा मुलूख तेथून कितीतरी दूर, पार पश्चिमेकडे होता. ठेवताना ‘इमानी’, पेट्या कमी भरताच ‘परका’. दोन्ही वेळा त्याला काहीही विचारण्याची गरज मला वाटली नाही.

खरे तर असा ठसा अंगावर वागवणे म्हणजे काय, हे कोकणी माणसाला कोणी शिकवायला नको. ‘कोकणी माणूस आळशी’ हे वाक्य मी मुंबईत किती वेळा ऐकले असेल! मे महिन्यात समुद्र पाहायला आलेला पाहुणा दुपारी पडवीत टेकलेला म्हातारा पाहतो आणि निष्कर्ष काढून परततो. येथे पाऊस धो धो पडतो, पण जांभ्यातून पाणी निघून जाते. जेथे पाटाचे पाणी नाही तेथे भाताचे एकच पीक निघते. जूनमध्ये नांगर धरून गुडघाभर चिखलात उभा राहिलेला तोच म्हातारा पाहायला तो पाहुणा नसतो, आणि पूर्वी मुंबईच्या गिरणीत पाळ्या करून मनीऑर्डर पाठवणारे या घरातले पुरुष व त्या पैशांत शेत आणि संसार ओढणाऱ्या बायका तर त्याच्या नजरेस कधीच पडलेल्या नसतात. त्याने पाहिले ते खोटे नव्हते, फक्त मे महिन्यातले होते.

हाच ठसा सरकारने उचलला की काय होते, तेही या देशाने पाहिले आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि त्यांच्या माणसांना हजेरी द्यावी लागे. जेथे रोज शोध घ्यायचा तेथेच काही ना काही सापडायचे, आणि सापडले की कायदा योग्य होता असे वाटायचे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी आजही गावात चोरी झाली की वेशीबाहेर कोणाचे पाल पडले आहे, हीच चौकशी आधी होते, आणि ती करणाऱ्यांत मी ओळखतो अशी, एरवी अत्यंत सज्जन असलेली माणसे असतात.

त्या संध्याकाळी मी खोपीपाशी जाऊन त्याची माफी मागितली. “कोई बात नहीं, साहब,” असे म्हणून तो आंबे निवडत राहिला. त्याची बायको बाहेर आली नाही. जूनमध्ये हिशेब चुकता करून ते गेले, आणि दसऱ्यानंतर त्यांची वाट पाहिली तरी परत आले नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तरी बागेत लागले, असे पुढे कळले.

आता आमच्याकडे दुसरे जोडपे आहे. ते आले त्या दिवशी मी वही उघडून त्या माणसाला नाव विचारले. त्याने सहज सांगितले, “बहादूर लिखो, साहब.” आईवडिलांनी ठेवलेले नाव कोणते, असे मी पुन्हा विचारले. तो क्षणभर थांबला, बायकोकडे पाहिले, आणि मग नाव, आडनाव, गाव, जिल्हा असे एकेक सावकाश सांगत गेला. जिल्ह्याचे नाव मी चुकीचे लिहिले, तेव्हा त्याने वहीवर बोट ठेवून ते माझ्याकडून दुरुस्त करून घेतले.