ब्राउझर बंद, नोटबुक चालू

आज हट्टच धरला, ज्युपिटरसाठी (कोड, निकाल आणि आलेख एकत्र ठेवणारी नोटबुक) ब्राउझर उघडायचा नाही, सगळं ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये, जिथे साध्या मजकुराच्या फाइलमध्येच कोडचे ब्लॉक चालवता येतात. सुरुवात साध्या पायथन ब्लॉक्सनी केली. पहिल्या ब्लॉकमध्ये फाइल वाचली, दुसऱ्यात तोच व्हेरिएबल वापरला, तर म्हणे असं नावच नाही! तासभर डोकं खाजवलं. सेशन (ब्लॉक्सनी मिळून वापरायची, चालू राहणारी प्रोसेस) दिलं नाही तर प्रत्येक ब्लॉक नव्या प्रोसेसमध्ये चालतो, आधीचं सगळं विसरून. (हे मॅन्युअलमध्ये आहे. वाचतंय कोण!)

मग ज्युपिटरचा कर्नल (प्रत्यक्ष कोड चालवणारा भाग) जोडला, सेशनला नाव दिलं, कंट्रोल-सी दोनदा दाबलं आणि आलेख कोडच्या खालीच उमटला. फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्येही आता फक्त बदललेल्या ओळी दिसतात. ज्युपिटर नोटबुकची फाइल म्हणजे आतून जेसन (डेटा मजकुरात लिहिण्याचा एक साचा), त्यात चित्रंसुद्धा अक्षरांच्या भेंडोळ्यात कोंबलेली. गिट दाखवतं ते डिफ (जुन्या-नव्यातला फरक) वाचणं म्हणजे शिक्षाच होती.