सुट्ट्या पैशांचं लग्न

2019 साली नायजेरियातल्या लागोसला निघताना ऑफिसात बजावलं होतं : हॉटेल, कंपनीची गाडी, कारखाना. याबाहेर पाऊल टाकायचं नाही. नातेवाइकांनी तर असे किस्से ऐकवले की विमानात बसेपर्यंत मी पाकीट तीनदा चाचपलं.

काम साधं होतं, पाण्याची पाकिटं भरणाऱ्या मशीनची दुरुस्ती. तिथे या पाकिटांना ‘प्युअर वॉटर’ म्हणतात. अर्ध्या लिटरची पिशवी, कोपरा दाताने तोडायचा आणि तोंडाला लावायची. आमच्या मशीनवर तिचं आडवं सील गळत होतं, कारण तापमानाचा कंट्रोलर गेलेला. पुण्याहून नवा मागवायचा तर आठवडा, वर कस्टम्सची वाट. कारखान्यातला फिटर म्हणाला, “ओगा, अलाबाला मिळेल.” ओगा म्हणजे साहेब, आणि अलाबा म्हणजे तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा बाजार. गाडी नेमकी मालकांना आणायला विमानतळावर गेलेली. “डान्फोने जाऊ.”

डान्फो म्हणजे पिवळी, काळ्या पट्ट्यांची मिनीबस. फिटरने आधी माझं घड्याळ काढायला लावलं. फोन पुढच्या खिशात ठेवा म्हणाला, “आणि खिडकीपाशी काढूच नका. गाडी अडकली की बाहेरून हात आत येतो.” म्हणजे ऑफिसवाले अगदीच थापा मारत नव्हते.

ओशोडीला कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, “सुटे घेऊनच चढा!” आफ्रिकेत पहिल्यांदाच मला घरच्यासारखं वाटलं.

पुढे ‘गो-स्लो’. ट्रॅफिक जॅमला तिथे हाच शब्द. अपापा बंदराकडे तोंड करून ट्रेलर उभे, आणि मधल्या फटींतून पोरं डोक्यावर टोपल्या घेऊन पाणी, सॉसेज रोल, चार्जर विकतायत. एका भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं, ‘हे घर विकायचं नाही. 419 पासून सावध!’ मालक दूर असला की तिसराच कोणी घर विकून मोकळा होतो, म्हणून ही पाटी. 419 हे तिथल्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम. आपलं तेव्हाचं 420. फरक एकाचाच.

एका थांब्यावर आग्बेरो, म्हणजे हप्ता गोळा करणारी पोरं, आडवी आली. ड्रायव्हर पैसे देईना तर एकाने सरळ वायपर उपटला. माझ्या पोटात गोळा. बाकीचे प्रवासी मात्र ड्रायव्हरवरच चिडले, “दे ना बाबा, उशीर होतोय!” पैसे गेले, वायपर परत आला.

मग माझं लग्न लागलं. शेजारच्या मावशींना आणि मला शंभर-शंभर नायरा परत यायचे होते. कंडक्टरने दोघांत मिळून दोनशेची एक नोट दिली आणि पाठ फिरवली. फिटर हसून हसून लोळायचा बाकी. म्हणाला, “आमच्याकडे याला लग्नच म्हणतात. आता काडीमोड तुमचा तुम्ही घ्या.”

मावशी माइल टूला उतरणार होत्या. नोट त्यांच्या हातात. मी मनातल्या मनात शंभर नायरा सोडून दिले. त्यांनी खिडकीतूनच पोराला हाक मारली, पाण्याची दोन पाकिटं घेऊन नोट मोडली, शंभर माझ्या तळहातावर ठेवले आणि वर एक पाकीटही दिलं. मी सवयीने आधी त्याचं सील अंगठ्याने दाबून पाहिलं. पक्कं होतं. मावशींना वाटलं, मला पाण्याचीच शंका आली. त्यांनी स्वतःच्या पाकिटाचा कोपरा तोडला, माझ्याकडे बघत दोन घोट घेतले आणि उतरल्या. इतकं ओशाळायला मला क्वचितच झालं असेल.

अलाबाच्या दुकानदाराने कंट्रोलरला बल्ब जोडून चालवून दाखवला. भाव फिटरनेच पाडला. मला गप्प उभं राहायला सांगितलं होतं, कारण माझा चेहरा दिसला की किंमत चढते. संध्याकाळी सहाला मशीन सुरू झालं आणि पहिली पन्नास पाकिटं मी एकेक दाबून पाहिली.

कंट्रोलरची पावती खर्चात लावली. डान्फोला तिकीट नसतं, त्यामुळे तो प्रवास ऑफिसच्या कागदावर अजून झालेलाच नाही.