अतिसंवाहक केबल आणि वीजगळतीचा हिशेब

अतिसंवाहक तारा, म्हणजे अतिथंड केल्यावर ज्यांचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो अशा तारा, आल्या की वीजगळती संपेल, असे विधान वारंवार वाचनात येते. ते सर्वस्वी खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्यात जे सांगायचे राहून जाते तेच मला अधिक मोलाचे वाटते.

तांब्याच्या तारेतून वीज वाहताना तारेच्या रोधामुळे तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो, आणि प्रवाह दुप्पट झाला की हा व्यय चौपट होतो. म्हणूनच लांब पल्ल्याची वीज लाखो व्होल्टच्या दाबाने आणि कमी प्रवाहाने नेतात. १९११ साली नेदरलँड्समधील लायडन येथे भौतिकशास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ओन्नेस यांना ४.२ केल्विनच्या (म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या) आसपास पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झालेला आढळला. परंतु त्यासाठी द्रव हेलियम लागत असल्याने वीजवहनाचे गणित जमण्यासारखे नव्हते. १९८६ साली बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता शोधली, पुढच्याच वर्षी ९० केल्विनच्याही वरच्या तापमानाला ती आढळली, आणि ७७ केल्विनला (सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअसला) उकळणारा, हवेपासून मिळणारा द्रव नायट्रोजन पुरेसा ठरू लागला.

जर्मनीतील एसेन शहरात २०१४ साली कार्यान्वित झालेली केबल याच शोधाचे फळ होय. शहराच्या मध्यवस्तीतील दोन उपकेंद्रांना जोडणारी ही भूमिगत केबल सुमारे एक किलोमीटर लांबीची आहे. तिच्या मध्यभागी द्रव नायट्रोजन वाहून नेणारी पोकळ नळी, नळीभोवती अतिसंवाहक पट्ट्यांचे एकाबाहेर एक असे तीन थर, म्हणजे प्रत्येक फेजचा एक, थरांमध्ये विद्युतरोधक, त्याबाहेर परतणारा नायट्रोजन आणि सर्वांत बाहेर थर्माससारखे निर्वात पोकळीचे दुपदरी वेष्टन, अशी तिची रचना आहे. दाब केवळ १० किलोव्होल्ट असूनही तिची क्षमता ४० मेगावॅट आहे, म्हणजे प्रवाह सुमारे २३०० अँपिअर. एरवी एवढ्या विजेसाठी ११० किलोव्होल्टची केबल आणि भर शहरात तिचा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला असता. वाचलेली ही जागा मला गळतीतील बचतीपेक्षा मोठी कमाई वाटते.

कारण गळती पूर्णपणे शून्य होतच नाही. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाच्या सतत बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे अतिसंवाहकातही थोडी उष्णता निर्माण होते, आणि वेष्टनातून बाहेरची उष्णता रात्रंदिवस आत झिरपत असते, मग केबलवर भार असो वा नसो. ७७ केल्विनला शिरलेली एक वॅट उष्णता बाहेर काढण्यासाठी सिद्धांताप्रमाणे सुमारे तीन वॅट आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट वीज खर्ची पडते. त्यामुळे जी केबल बहुतांश वेळ अर्धी रिकामी चालते, तिच्यात बचतीची आशा धरण्यात अर्थ नाही.

आपल्याकडील गळतीचा मोठा भाग वितरणात, लांबच लांब लघुदाब वाहिन्यांवर होतो. शेतीपंपापर्यंत ११ किलोव्होल्टची वाहिनी नेऊन तेथे लहान रोहित्र बसवले, तर तारेतील प्रवाह कमी होऊन तोच व्यय साध्या ॲल्युमिनियमच्या तारेतही घटतो, आणि गावोगावी आधी हेच व्हायला हवे. मुंबईच्या दाट वस्तीत मात्र, जेथे भार मोठा आहे आणि नव्या उपकेंद्रासाठी जागा मिळणे दुरापास्त आहे, तेथे एसेनसारख्या केबलचा खर्च जमिनीच्या किमतीसह गंभीरपणे तपासला जावा, असे मला मनापासून वाटते.