जाताना सहा, येताना सात

बँकॉक ते टोकियो अंतर किती, याचं उत्तर सरळ आहे: आकाशातून सुमारे 4,600 किलोमीटर. येतानाही तेवढंच. वेळ किती, असं विचारलं की मात्र घोळ सुरू होतो.

माझ्या तिकिटावर जायचं विमान रात्री 11 ला सुटून सकाळी 7 ला पोचणार होतं. आठ तास! मस्त झोप काढू म्हणून मानेची उशी घेऊन चढलो. परतीचं सकाळी 11 ला निघून दुपारी 4 ला उतरणार. पाचच तास. येताना विमानंही जोरात धावतात वाटतं, गोठ्याकडे निघालेल्या बैलांसारखी.

खरा प्रकार नेमका उलटा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि टोकियोचं घड्याळ बँकॉकच्या दोन तास पुढे. जाण्याच्या आठांतून दोन वजा करा, येण्याच्या पाचांत दोन मिळवा. आठ तासांची झोप अशी सहावर आली आणि तीही जेवणाच्या ट्रेंनी दोन्ही बाजूंनी कुरतडली.

पण मग सहा आणि सात का? तो वरचा एक तास वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवर त्याला असा जोर चढतो की कधीकधी तो ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतोत, म्हणजे सगळ्या जगासाठी बनवलेल्या भाषेत लिहिला. साहजिकच तो फारसा कुणी वाचला नाही. बिचारा!

मी गेलो ते जानेवारीत. समोरच्या छोट्या पडद्यावर वेगाचा आकडा तैवानपर्यंत नऊशेच्या आगेमागे रेंगाळत होता. मग 960, 1,030, 1,100. इंजिनाची घरघर तीच, विमान तेच; मागून कुणीतरी ढकलत होतं एवढंच. परतताना तोच वारा तोंडावर. आकडा 740 वर जो बसला तो हलेना, आणि नकाशावरचं क्युशू बेट काही केल्या मागे पडेना. शेजारचे गृहस्थ दोन सिनेमे संपवून तिसऱ्याला लागले.

उतरल्यावर फोनने आपणहून चार वाजवले. मनगटावरचं घड्याळ सहाच म्हणत होतं आणि पोट त्याच्या बाजूने होतं.